शिडाच्या होडीचा पंखा

राहुरीच्या बाजारपेठेत पंप घ्यायला गेलात, तर जाणता दुकानदार आधी चौकशी करतो. विहीर किती खोल, पाइपलाइन किती लांब, पाणी किती उंच चढवायचे? या उत्तरांवर आतला इंपेलर ठरतो. ते न विचारता पंप बसवला की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि एका हंगामात वाइंडिंग जळते. बारागाव नांदूरजवळ मुळा धरणाचा २६ टीएमसीचा ज्ञानेश्वर सागर पसरलेला असला, तरी आपला तालुका दर्यावर्दींचा नाही. पण पाणी ढकलणारे पाते नीट निवडले नाही तर काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. शिडाच्या छोट्या होडीचा प्रोपेलर निवडताना हीच जाण कामाला येते. कोकणात त्याला सरळ पंखाच म्हणतात.

हा पंखा जगाला देणाऱ्यांपैकी एक जण शेतकरीच होता. लंडनजवळच्या हेंडनचा फ्रान्सिस पेटिट स्मिथ गुरे पाळायचा. १८३५ मध्ये त्याने स्प्रिंगवर फिरणारा लाकडी स्क्रू खेळण्यातल्या बोटीला लावून तळ्यात सोडला आणि १८३६ मध्ये पेटंट घेतले. पुढे कालव्यात मोठ्या बोटीची चाचणी चालू असताना त्या लांबलचक स्क्रूचा निम्मा भाग तुटून पडला. बोट थांबायला हवी होती, ती उलट जास्त वेगाने निघाली! आटे जास्त म्हणजे जोर जास्त, हा समज त्या दिवशी मोडला.

पंख्याच्या मधल्या बोंडावर पाहा. तिथे १५ आणि १० असे दोन आकडे कोरलेले दिसतील. पहिला व्यास, इंचांत. दुसरा पीच, म्हणजे लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल ते अंतर, तेही इंचांत. सोबत उजव्या-डाव्या फिरतीचे अक्षर असते. ते शाफ्टच्या फिरतीशी जुळलेच पाहिजे.

आता हिशोब मांडू. इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ३६०० फेरे घेते आणि गिअरबॉक्स २.६ ला एक आहे, असे धरा. शाफ्टला साधारण १३८५ फेरे मिळतात. पीच १० इंच असेल तर पंखा कागदावर मिनिटाला सुमारे ३५० मीटर, म्हणजे ताशी २१ किलोमीटर जातो. पण पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असलेली जड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास थांबते. उरलेले ४० टक्के घसरणीत जातात. शिडाच्या होडीत एवढी घसरण धरूनच पीच ठरवतात. त्यामुळे इंजिन किती हॉर्सपॉवरचे, एवढे सांगून भागत नाही. पाण्यातली लांबी, होडीचे वजन, गिअरचे प्रमाण आणि शाफ्टची जाडी, सगळे कागदावर लिहून न्यावे.

व्यास जागा देईल तितका मोठा घ्यावा. सावकाश फिरणारा मोठा पंखा जड होडी चांगली रेटतो. मात्र पात्याचे टोक आणि तळ यांमध्ये व्यासाच्या निदान १५ टक्के मोकळी जागा हवी, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला धडधड होते. व्यास एक इंचाने वाढवला की इंजिनावर पीच दोन-तीन इंचांनी वाढवल्याइतका भार पडतो, हेही विसरू नये.

इथवर मालवाहू बोट आणि शिडाची होडी यांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो वारा भरून इंजिन बंद केल्यावर. तेव्हा तोच पंखा पाण्यात धरलेल्या सुपासारखा होडीला मागे ओढतो. अभिलाष टॉमी यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या होडीवरून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत पुढे जायला इंजिन वापरायचेच नसते. पंखा मात्र अख्खी पृथ्वी सोबत फिरतो.

म्हणून आपण इंजिनावर किती जाणार, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. खाडीतून रोज इंजिनावर ये-जा असेल तर तीन पात्यांचा स्थिर पंखा बरा. धक्का गुळगुळीत, मागे घेताना पकड चांगली. शिडावरच जास्त राहणाऱ्याने दोन पात्यांचा घ्यावा. मागे रुंद कणा असेल तर शाफ्टवर खूण करून पाती उभी लावली, की ती कण्याच्या आडोशाला जातात. पाती मिटणारा पंखा ओढ जवळजवळ संपवतो, पण बहुधा उलट्या दिशेला तो कमजोर असतो. पाती प्रवाहाला समांतर वळवणारा पंखा दोन्हीकडे चांगला चालतो. हे दोन्ही महाग, आणि त्यांच्या सांध्यांची निगा राखावी लागते.

शेवटचा निकाल पाण्यातच लागतो. तळ घासून स्वच्छ करा, शांत पाणी निवडा, नेहमीचे सामान चढवा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. ३६०० चे इंजिन ३००० वरच अडून काळा धूर सोडू लागले, तर पीच जास्त आहे. ते सहज पूर्ण फेऱ्यांवर पोचले आणि होडी रेंगाळली, तर पीच कमी आहे. तेव्हा पंखा कार्यशाळेत नेऊन पीच बदलून घ्यावा. आणि कमी करायला सांगितले तर कचरू नये; हेंडनच्या त्या शेतकऱ्याची बोट अर्धा स्क्रू गमावूनच वेगात आली होती.