‘पट्टा सुटला ना? मग झालं!’

हेंद्रेपाड्यातून पहाटे निघून मुळगावच्या बाजूने बारवी धरणाच्या रस्त्याला लागणारे सायकलस्वार आता बदलापुरात नवलाईचे राहिलेले नाहीत. एके काळी सायकल म्हणजे लोकल गाठण्यापुरती वापरायची आणि दिवसभर स्टेशनाबाहेर उन्हात उभी ठेवायची वस्तू होती. आज तीच वस्तू साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर तोडण्याच्या ‘ब्रेव्हे’साठी तेलपाणी करून सज्ज असते. या मंडळींत माझाही, वयाची सवलत धरून, समावेश होतो. गेल्या श्रावणात धरणाकडून परतताना उतारावरच्या ओल्या शेणावरून माझे पुढचे चाक सरकले, मी डाव्या खांद्यावर आपटलो, आणि हासळीचे हाड, ज्याला आता आपण सारेच कॉलरबोन म्हणतो, मधोमध मोडले. मोडल्याचे दुःख यथावकाश ओसरले. परंतु सहा आठवड्यांनी गळ्यातला पट्टा उतरला त्या दिवसापासून जिन्यात, टपरीवर, दूधवाल्याकडे ज्या एका वाक्याने माझा पिच्छा पुरवला, ते मात्र अद्याप कानांत ठणकते आहे. “काका, पट्टा सुटला ना? मग झालं! रविवारी बारवी!”

मग झालं! जणू पट्टा ही सक्तमजुरीची शिक्षा, अस्थिरोगतज्ज्ञ हा तुरुंगाधिकारी, आणि मुदत भरताच कैद्याने दाखला घेऊन फाटकाबाहेर पडावे, एवढाच हा व्यवहार. वस्तुतः पट्टा सुटण्याचा अर्थ फार माफक आहे: मोडलेली टोके आता एकमेकांवर सरकत नाहीत, आणि नव्याने धरलेले हाड हाताचे स्वतःचे वजन व घरातली किरकोळ कामे पेलू शकते. याहून अधिक कशाचीही हमी त्यात नाही. मोडल्या जागी प्रथम रक्ताची गाठ धरते. दोन-तीन आठवड्यांत तिची जागा कूर्चेसारखा मऊ सांधा घेतो. मग त्यात चुना भरून तो टणक होतो. प्रौढ माणसाच्या हासळीला एवढ्यालाच सहा ते बारा आठवडे लागतात, धूम्रपान करणाऱ्याला त्याहून अधिक. आणि हे टणक झालेले हाडही घाईघाईने, आडवेतिडवे विणलेले असते. ते थोडे थोडे मोडून, भार ज्या दिशेने येतो त्या दिशेने पुन्हा रचण्याचे काम शरीर पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, करीत राहते.

सहाव्या आठवड्याची एक्स-रेची फिल्म मी घरी आणून खिडकीच्या उजेडात धरली होती. भेगेची रेघ अजून स्पष्ट दिसत होती, आणि तिच्याभोवती पिंजलेल्या कापसासारखा एक धूसर फुगवटा. डॉक्टर म्हणाले होते, “जुळतंय.” मी घरी येऊन तेच सांगितले. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बातमी पोहोचली ती, “जुळलं.” एका अक्षराचा हा फेरफार, पण सहा आठवड्यांचे काम त्याने एका संध्याकाळीत उरकून टाकले.

आता या गैरसमजाचे खरे घातक अंग सांगतो, कारण दमसासाचे खेळ खेळणाराच त्यात सर्वांत सहज फसतो. शरीरात दोन खाती आहेत असे समजा. हृदय, रक्त आणि फुप्फुसे यांचे खाते मोठे तत्पर. हाडे आणि स्नायुबंध यांचे खाते जुन्या मामलेदार कचेरीसारखे सावकाश. तालीम थांबली की तत्पर खात्यात घट लगेच दिसते: एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुरलेल्या सात खेळाडूंची तालीम बंद केली, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी उतरली, व तिथे स्थिरावली. पण ज्या तत्परतेने ती उतरते, जवळजवळ त्याच तत्परतेने ती चढूही लागते. रक्तातला द्रवभाग तर तालीम सुरू होताच काही दिवसांत वाढतो. परिणामी, घरात स्टँडवर चढवलेल्या सायकलीवर तीन आठवडे पाय मारल्यानंतर एके सकाळी माझी नाडी पूर्वीच्याच ठेक्यावर आली, श्वास मोकळा झाला, आणि माझ्याही मनात, कबुलीजबाब देतो, तेच वाक्य उमटले: मग झालं!

झालेले काहीच नव्हते. स्टँडवर ताठ बसून पाय मारताना हासळीला जवळपास कामच नसते. रस्त्यावर मात्र चढ आला, की आपण खोगिरावरून उठून हँडल खेचतो. उतारावर ब्रेक आवळून धरतो, तेव्हा छातीचा भार हातांवर येतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका मनगट, कोपर, खांदा असा वर चढत जातो. आपल्या हाताला धडाशी सांधणारा हाडाचा दुवा हासळी हा एकच आहे. बाकी सगळे स्नायूंनी बांधलेले. तेव्हा दम परतला हा पुरावा दमाविषयीचा आहे; हाडाच्या बाबतीत त्याची साक्ष अग्राह्य. मोडल्या जागी दाबल्यावर न दुखणे, हात पूर्ण वर जाणे, दोन्ही खांद्यांच्या बळात फारसा फरक न उरणे आणि नव्या एक्स-रेवर डॉक्टरांचे समाधान होणे, ही कागदपत्रे हजर झाल्याशिवाय रस्त्याचा अर्ज तहकूब ठेवावा.

एवढे सांगितले की टपरीवरचा कोणी तरुण फोनवरून एगन बर्नालचे उदाहरण काढतो. २०१९ ची ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला हा कोलंबियन खेळाडू जानेवारी २०२२ मध्ये सरावात उभ्या बसवर आदळला, सुमारे वीस हाडे मोडली, आणि त्याच ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या शर्यतीत तो उतरला. बरोबर आहे! पण पुढचे वाक्य कोणी वाचत नाही. अपघातानंतरचा पहिला विजय त्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये, स्वतःच्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, मिळाला. शर्यतीच्या रांगेत उभे राहायला सात महिने लागले आणि पूर्ववत व्हायला तीन वर्षे, तीही अहोरात्र दिमतीला वैद्यकीय पथक असणाऱ्या माणसाला. आम्हाला ८ ची लोकल पकडायची असते.

याच्या नेमका उलट हुकूम घरातल्या वडीलधाऱ्यांचा. माझ्या मावशीने फोनवरून बजावले, “अरे, तीन महिने अंथरुणातून हलायचं नाही.” मावशीच्या मायेविषयी शंका नाही, मताविषयी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पावापेक्षा अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते. मोडली होती माझी हासळी. पायांनी कोणता अपराध केला होता? पट्टा गळ्यात असतानाच मी उल्हास नदीच्या पुलापर्यंत रोज चालत जाऊ लागलो, अर्थात डॉक्टरांना विचारून.

चालण्याचे आणखी एक कारण होते, जे सायकलवाल्यांना सांगितले की ते दुखावतात. “रोज पन्नास किलोमीटर मारतो, आपली हाडं लोखंडाची!” नाहीत. यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ मध्येच मांडले होते की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडते. आणि सायकलीवर आपला भार खोगीर उचलते. रस्त्यावर शर्यती करणाऱ्या सायकलपटूंच्या कमरेच्या मणक्यांची घनता पुष्कळदा कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. चालणे आणि वजने उचलणे यांना पर्याय नाही.

उरलेल्या किरकोळ समजुती चटकन निकालात काढतो. डिंकाचे लाडू खुशाल खा, मीही खाल्ले. पण हाड प्रथिने, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व मागते, आणि त्याला वेळ लागतो तो लागतोच. तालीम दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा हा नियम पवित्र मानला जातो. २००८ मध्ये हॉलंडमधील पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा तो पाळणारे आणि न पाळणारे यांच्या दुखापतींत फरक निघाला नाही. गोळी घेऊन दुखले नाही, म्हणजे दुखत नव्हते असे नव्हे. ‘शुद्ध हरपली नव्हती, तेव्हा डोक्याला काही झालेले नाही’ हे तर सर्वांत धोक्याचे: मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध मुळीच हरपत नाही.

आणि हेल्मेट. त्याला वरून तडा नसला, तरी आतला फोम एकदा चेपला की तो दुसरा आघात पूर्वीसारखा झेलत नाही. माझे वरून अगदी कोरे दिसत होते, म्हणून तळमजल्यावरच्या एका मुलाने ते मागितले. मी ते त्याच्यादेखत करवतीने मधोमध कापले आणि घंटागाडीत टाकले. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.