सापांची सोयरीक

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. आपल्या धामणीच्याच कुळातला, पण लांबीला तीन ते पाच फूट. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी चौकट. तिथले लोक तो हौसेनं पाळतात, त्याची पैदासही करतात. माझा भाचा फ्लोरिडात त्यांतलाच एक. ‘मामू, जोडी लावताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा,’ असं तो म्हणतो.

आधी बघायची मादीची तब्येत. तिकडे तिनाचा हिशेब चालतो. वय तीन वर्षं, लांबी तीन फूट, वजन तीनशे ग्रॅम. कोवळ्या मादीला नर दाखवला, तर अंडी पोटातच अडतात आणि अडलेली मादी दगावू शकते. एका वेळी दहा ते तीस अंडी घालायची म्हणजे अंगात तेवढं बळ हवं. भाच्यानं अडीचशे ग्रॅमची एक देखणी मादी वर्षभर नुसती खाऊ घालून ठेवली. नर थोडा लहान असला तरी चालतो.

आता रंग. १९५३ साली काळं रंगद्रव्य नसलेला एक साप रानात सापडला. त्याच्यापासून पुढं पैदास झाली. काही सापांत तांबडा रंग नसतो. या दोन वाणांची जोडी लावली तर पिल्लं साधीच दिसतात, पण दोन्ही उणिवा त्यांच्या रक्तात दडून असतात. त्या पिल्लांचा आपसांत जोड लावला, की सरासरी सोळांत एक बर्फासारखं पांढरं निघतं. त्या एका पांढऱ्यासाठी भावाशी बहीण जोडायची!

इथंच गोम आहे. रंगासारखे दोषही दडून असतात. ‘स्टारगेझर’ नावाच्या दोषात सापाची मान आभाळाकडे वळते, तोल जातो, सरळ सरपटता येत नाही. नाव कवितेसारखं, हाल मात्र बघवत नाहीत. आईबाप दोघंही धडधाकट दिसतात. दोघांत तो दोष दडलेला असला, की प्रत्येक अंड्यामागं चारांत एक शक्यता. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, मराठी मुलखात मामाच्या मुलीशीही होतात. डॉक्टर त्याबद्दल का बजावतात, ते या सापांमुळे मला नीट उमगलं.

पूर्वी हा दोष पिल्लं निघाल्यावरच कळे. आता सापानं टाकलेली कात प्रयोगशाळेत पाठवली तरी तपासणी होते. दोष निघालेला नर भाच्यानं घरात ठेवलाय, पण पैदाशीतून बाद केलाय. आपल्याकडच्या धामणीला मात्र कुणी पेटीत घालू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणि पिल्लांचं काय? अंडी दोनेक महिन्यांत फुटतात. वीस पिल्लं म्हणजे वीस घरं. भाचा ती आधी शोधतो, मगच नर मादीच्या पेटीत सोडतो.