उन्हापासून दूर राहणारी मुलं

भीमजयंतीच्या सकाळी विहारासमोर धम्मध्वज फडकतो तेव्हा वस्तीतली झाडून सारी पोरं उन्हात उभी असतात. एखादंच दार लावून घरात बसलेलं असतं. त्याच्याविषयी या वेळी लिहीत आहोत.

सावळ्या कातडीला कर्करोग सहसा होत नाही, हे बऱ्याच अंशी खरं. पण 'झेरोडर्मा पिगमेंटोसम' या जन्मजात आजारात कातडीचा रंग पुरेसं रक्षण करत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशींतल्या जनुकांना इजा होते. ती भरून काढण्याची शरीराची शक्ती या मुलांत अधू असते. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास चेहऱ्यावर, हातांवर ठिपके दाटतात, डोळ्यांना उजेड सोसत नाही. जपणूक झाली नाही तर दहा वर्षांच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

हा आजार शिवल्याने होत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची चाल आपल्यातही आहे, म्हणून हे स्पष्टच सांगतो. मागच्या जन्मीचं पाप वगैरे कुणी बोललं तर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून दाखवा. ती समजूत बाबासाहेबांनी तिथे खोडून काढली आहे.

खरी कसोटी लागते ती पंधरा-सोळाव्या वर्षी. लहानपणी आई टोपी घालायची, पोर घालून घ्यायचं. आता वर्गात पूर्ण बाह्या, टोपी, काळा चष्मा यांवरून चिडवतात. नाकावरची गाठ काढल्याचा व्रण आरशात रोज दिसतो. नवा ठिपका उठला की रात्रभर झोप नाही. मुलगी असेल तर नातेवाईक तिच्यादेखत लग्नाची चिंता करतात, हे तर बंदच व्हायला हवं. पत्र्याच्या एका खोलीत दिवसभर कोंडून घेणं हीसुद्धा शिक्षाच, मोठ्यांना ती सहज दिसत नाही.

मुलाला डॉक्टरांसमोर स्वतः बोलू द्या. अंग तपासण्याचं काम हळूहळू त्याच्या हाती द्या. शाळेत खिडकीपासून दूरचा बाक मागा. काचेतूनही काही किरणं आत येतात. ऊन टाळल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी पडतं, त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. विहारातली अभ्यासिका सूर्यास्तानंतर उघडी ठेवली तर त्याला दोस्त मिळतील. क्रिकेटही दिव्याखाली खेळता येतं, पोरांना फक्त वेळ बदलायला सांगा.

महिनाभर न भरणारी जखम, वाढणारी गाठ किंवा रक्त येणारा तीळ दिसला, तर मलम लावत बसू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात न्या. कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.