घर-घरचे चार डाव

२००१च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, घाटकोपरच्या पंतनगरमधल्या एका सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून मी माझं पहिलं घर बांधलं. ‘द सिम्स’ या खेळात तिथलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. अख्खा दिवस चोवीस मिनिटांत संपायचा आणि अर्ध्या तासातली सहा मिनिटं उरायची. बांधकाम करताना खेळातलं घड्याळ थांबतं, त्यामुळे त्या सहा मिनिटांत मी भिंती उभ्या करायचे. आम्ही म्हाडाच्या एका खोलीत पाच जण राहत होतो. आजीची गादी रात्री ओट्याला लागून पडायची. खेळाच्या सुरुवातीला वीस हजार सिमोलिऑन हातात मिळत. त्यातून मी सगळ्यांत आधी आजीची खोली बांधली, खिडकी पूर्वेला ठेवून.

पण आजी मिळेना. त्या पहिल्या खेळात म्हातारी माणसंच नव्हती. मोठी माणसं कायम मोठीच राहत, मुलं कायम मुलंच. शेवटी आईच्या वयाची दिसणारी एक बाई निवडली, तिला आजीचं नाव दिलं आणि त्या खोलीत नेऊन झोपवलं.

या खेळाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मुख्य भाग चार: २०००, २००४, २००९ आणि २०१४ सालचे. त्यांची वर्गवारी करताना लोक चित्रं किती सुबक, जग किती मोठं, घालायला कपडे किती, असं मोजतात. उपनगरातल्या छोट्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीचं माप वेगळं आहे. त्या घरात म्हातारं माणूस कसं राहतं आणि भिंतीपलीकडे कोण राहतं, या दोन गोष्टींवर मी चारही भागांचा क्रम लावते.

हा खेळ मुळात जळलेल्या घरातून आला. ‘सिमसिटी’ या खेळाचा कर्ता विल राइट याचं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवरचं घर ऑक्टोबर १९९१च्या वणव्यात गेलं. संसार नव्याने उभा करताना माणसाला खरोखर कोणत्या वस्तू लागतात, कशाआधी काय घ्यावंसं वाटतं, याचा तो विचार करू लागला. सुरुवातीला कल्पना घर बांधण्याच्या खेळाची होती. घर चांगलं जमलं की नाही हे कळावं म्हणून त्यात माणसं सोडायची होती. पुढे माणसंच घरापेक्षा रंगतदार निघाली. त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठांना हे बाहुल्यांचं घर वाटलं आणि ते विकलं जाईल याची खात्री बराच काळ कुणाला नव्हती. २००२पर्यंत मात्र ‘मिस्ट’ला मागे टाकून हा संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ झाला. खेळणाऱ्यांत मुली आणि बायका मोठ्या संख्येने होत्या. मला यात नवल वाटत नाही. जिच्या हाती भातुकली होती, तिला हा खेळ कुणी शिकवावा लागला नाही.

पहिल्या भागाची ताकद त्याच्या आठ गरजांत होती. भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि खोलीचं रूप. यातली एक जरी खाली गेली तरी माणूस कुढायचा, कामाला जायला नकार द्यायचा. ‘खोलीचं रूप’ ही गरज मला तेव्हाही थक्क करायची, आजही करते. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोलीत माणूस उदास होतो हे त्या खेळाने आकड्यांत मांडलं होतं आणि आमच्या घरात ते कुणी कधी बोललेलं नव्हतं. कामाला न्यायला गाडी दारात येऊन भोंगा वाजवायची आणि जवळजवळ तासभर थांबायची. आमच्या बाबांची आठ बाराची लोकल कुणासाठी थांबत नसे.

त्यातली माणसं सिम्लिश बोलायची. स्टीफन केरिन आणि जेरी लॉलर या दोन उत्स्फूर्त अभिनय करणाऱ्या नटांच्या तोंडून घडलेली ही भाषा कुणाचीच नव्हती. म्हणूनच माझी गुजराती मैत्रीण, समोरच्या तमिळ कुटुंबातला मुलगा आणि मी, तिघांनाही ती सारखीच कळायची. या भागाला मी दुसरा क्रमांक देते. त्यात म्हातारपण नाही, मरण येतं ते आगीत, पाण्यात बुडून किंवा उपाशी राहून. तरी घर म्हणजे काय हे त्यानेच पहिल्यांदा नीट विचारलं.

पहिला क्रमांक दुसऱ्या भागाचा. त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

२००५मध्ये बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला संगणक घरी आला. ‘द सिम्स २’ चार सीडींवर होता, एकेक घालत चढवायला संध्याकाळ गेली. माणूस घडवण्याच्या पानावर पाहिलं तर तिथे म्हातारी माणसं होती. पाठीत वाकलेली, हळू चालणारी. मी आजीला हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “माझं नाक एवढं मोठं आहे होय गं?” मग नाक लहान केलं.

या भागात माणूस तान्हं बाळ असतो, रांगतो, शाळेत जातो, वयात येतो, मोठा होतो, म्हातारा होतो आणि जातो. मुलांना डोळे, केस, नाक आई-वडिलांकडून मिळतात, आणि एखादं लपलेलं वळण नातवात उमटतं. माझ्या खेळातल्या तिसऱ्या पिढीत आजीचा जिवणीचा आकार आला तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं होतं. प्रत्येक माणसाच्या आठवणींची नोंद राहते: पहिलं चुंबन, नोकरी गेली तो दिवस, कुणाचा मृत्यू. समाधानाने जगलेल्या म्हाताऱ्याला न्यायला काळ येतो तेव्हा सोबत हवाई बेटांवरच्या नर्तकी आणतो आणि तो माणूस जणू सुट्टीला निघावा तसा त्यांच्याबरोबर जातो. मागे अस्थिकलश राहतो. घरातली माणसं रडतात, आणि रात्री कधी कधी गेलेला माणूस खोल्यांतून फिरून जातो. ज्या घरात वर्षानुवर्षं पितृपक्षात पान वाढलं जातं, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या भागातलं गॉथ कुटुंबही इथे पुढे आलं. पंचवीस वर्षांनंतरची गोष्ट: मुलगी कसॅन्ड्रा मोठी झालेली, वडील मॉर्टिमर थकलेले आणि आई बेला बेपत्ता. ती कुठे गेली, याचं उत्तर शोधण्यात जगभरच्या मुलांनी वर्षं घालवली. आपल्या इमारतीतल्या एखाद्या घराबद्दल जसं दबक्या आवाजात बोललं जातं, तसं आम्ही बेलाबद्दल बोलायचो.

पुढे २००६च्या ‘ओपन फॉर बिझनेस’ पुरवणीने घरातच दुकान थाटायची सोय केली. मी हॉलमध्ये खानावळ टाकली, कारण आमच्या खालच्या मजल्यावर तशीच एक होती. आणि २००८च्या ‘अपार्टमेंट लाइफ’मध्ये पहिल्यांदा भाड्याच्या इमारती आल्या. घरमालक आला, पलीकडून मोठ्याने गाणी लावणारे शेजारी आले, आणि आवाज कमी करा म्हणून भिंतीवर हाताने ठोकणंही आलं. आजी त्याच वर्षी गेली.

तिसरा भाग जून २००९चा. चारांत सर्वांत धाडसी तोच, हे मी मान्य करते. दार उघडून माणूस बाहेर पडला की आपण त्याच्यामागे अख्ख्या गावात जाऊ शकत होतो, मध्ये थांबा नाही. घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसने असल्फा, साकीनाका, मरोळ करत अंधेरीला जाताना खिडकीतून जसं सगळं सलग दिसायचं, तसं. सोफ्याला, पडद्याला, भिंतीला मनातलं कोणतंही कापड चढवता यायचं. तरी मी त्याला चौथं ठेवते. त्या गावाचा कारभार आपोआप पुढे सरकायचा आणि शेजारची कुटुंबं आपल्याला न विचारता गाव सोडून निघून जायची. त्याच वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. वीस वर्षं समोर राहिलेली माणसं कुणी मुलुंडला, कुणी डोंबिवलीला, आम्ही बोरिवलीला भाड्याने. संध्याकाळी खेळ उघडला की पडद्यावरही कोपऱ्यातलं घर रिकामं झालेलं. मला ते सोसलं नाही, आणि पुढच्या अकरा पुरवण्यांनीही तो खेळ माझ्या मनात परत बसला नाही.

मधले खेळ थोडक्यात. ‘द सिम्स ऑनलाइन’ २००८मध्ये बंद पडला. २०११चा ‘मिडीव्हल’ राजे-सरदारांचा, चांगला आहे, पण घराचा नाही.

चौथा भाग सप्टेंबर २०१४ला आला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली त्यानंतर तीन महिन्यांनी. मेट्रोने जग जोडलं होतं, खेळाने मात्र तोडलं. शेजाऱ्याच्या दारात जायचं तरी पडदा पडायचा आणि वाट पाहायची. पोहण्याचे तलाव नव्हते, रांगती मुलं नव्हती. तलाव दोन महिन्यांत आले, रांगती मुलं २०१७मध्ये. २०१६च्या ‘सिटी लिव्हिंग’मध्ये खराब झालेले, उंदीर-झुरळांचे स्वस्त फ्लॅट मिळू लागले. २०२१मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेल्या कपड्यांचा छोटा संच आला. आझाद मैदानाजवळच्या त्या रांगेतून मी कॉलेजचे सगळे कुर्ते घेतले होते, त्यामुळे तो मी त्याच दिवशी घेतला. ऑक्टोबर २०२२पासून मूळ खेळ फुकट झाला आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगीही जुन्या लॅपटॉपवर तो खेळू लागली.

तरी त्याला तिसरा क्रमांक मिळतो तो डिसेंबर २०२३च्या ‘फॉर रेंट’ या पुरवणीमुळे. एका जागेवर आता सहापर्यंत घरं बांधता येतात, प्रत्येकात वेगळं कुटुंब, आणि मधला भाग सगळ्यांचा. सहा खोल्या, समोर लांब गॅलरी. चाळ बांधायला याहून जास्त काय लागतं? आठवडाभर रात्री जागून मी ती बांधली. कठडा लाकडी, टोकाला तुळस म्हणून एक झाड.

आई आता नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. गेल्या दिवाळीत फराळ करताना मी तिला ती चाळ दाखवली. चौथ्या खोलीत आजी होती, पांढऱ्या केसांची, लहान नाकाची. आईने बराच वेळ पाहिलं.

“दारं का बंद आहेत सगळ्यांची?”

“उघडी राहत नाहीत गं. माणूस आत गेला की आपोआप लागतात.”

“मग हिला बाहेर बसव ना. आत काय करेल एकटी?”

मी गॅलरीत, चौथ्या खोलीच्या दाराशी एक बाकडं ठेवलं. आजी येऊन बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीतली बाई तिच्याशेजारी येऊन बसली आणि दोघी सिम्लिशमध्ये बोलू लागल्या. आईने खुर्ची पुढे ओढली.