जीन्समधला संत आणि चर्चपुढचा पेच

असिसी हे इटलीतील गाव संत फ्रान्सिस यांचे. शतकानुशतके यात्रेकरू तेथे जात आले आहेत. अलीकडे मात्र या गावातील आणखी एका कबरीपुढे गर्दी होते. काचेआडून दिसणाऱ्या या कबरीत पंधरा वर्षांचा एक मुलगा विसावला आहे. त्याच्या अंगावर झगा नाही. जीन्स आणि जाकीट आहे, पायांत स्पोर्ट्स शूज आहेत. कार्लो आकुतिस हे त्याचे नाव. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला आणि २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने दगावलेला हा मुलगा संगणकात रमणारा होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले, तेव्हा ‘मिलेनियल पिढीतील पहिला संत’ असे त्याचे जगभर वर्णन झाले.

तरुण दुरावत चालल्याची चिंता वाहणाऱ्या चर्चला असा संत हवाच होता, असे कोणी म्हणेल. पण कार्लोचे आयुष्य बारकाईने पाहिले तर गंमत दिसते. तो रोज मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, जात असे. जपमाळ ओढत असे. त्याने ज्या संकेतस्थळासाठी खपून काम केले, ते होते मिस्सेतील प्रसादाशी निगडित चमत्कारांची नोंद करणारे. साधन नवे, आशय शेकडो वर्षांचा. ‘काळाबरोबर बदला’ म्हणणारे आणि ‘काही बदलू नका’ म्हणणारे असे दोन्ही पक्ष त्यामुळेच त्याला आपला मानतात.

चिंता मात्र खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद ख्रिस्ती म्हणून केली होती. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२३-२४ मध्ये केलेल्या पाहणीत सर्वांत वृद्ध गटातील ८० टक्के लोक ख्रिस्ती आढळले, तर सर्वांत तरुण प्रौढांमध्ये अवघे ४६ टक्के. वय वाढले की माणसे देवाकडे वळतात, या जुन्या भरवशावर एवढी दरी बुजेल असे समजणे धाडसाचे ठरेल.

बदलले तरी गळती, न बदलले तरी गळती

मग उपाय काय? चर्चने स्त्रियांना समान स्थान द्यावे, समलिंगी जोडप्यांना स्वीकारावे, उपासनेची भाषा आणि संगीत आजचे करावे, म्हणजे तरुण परत येतील, असे एक उत्तर नेहमी दिले जाते. चर्च ऑफ इंग्लंडने यातले बरेच करून पाहिले. १९९४ मध्ये तेथे स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळू लागली, २०१५ मध्ये पहिली स्त्री बिशप झाली आणि डिसेंबर २०२३ पासून समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना वापरात आल्या. बाके भरली नाहीत. यावरून ‘बदल केला की चर्च रिकामे होते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट पंथाकडेही पाहावे. स्त्रियांना पास्टरपद नाकारणारा, परंपरेला घट्ट धरून असलेला हा पंथ. २००६ मध्ये त्याचे सुमारे १ कोटी ६३ लाख सदस्य होते. २०२४ मध्ये ते सुमारे १ कोटी २७ लाख उरले.

फ्रान्समधील अनुभव आणखी कोड्यात टाकणारा आहे. धर्माला सार्वजनिक जीवनातून कटाक्षाने दूर ठेवणाऱ्या या देशात २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या ४५ टक्क्यांनी जास्त होती आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा १८ ते २५ वयोगटाचा होता. त्याच वर्षी पॅरिस ते शार्त्र या तीन दिवसांच्या पायी यात्रेत सुमारे १९ हजार लोक चालले. या यात्रेतील मिस्सा जुन्या पद्धतीची, लॅटिनमध्ये होते. चालणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा असतो. लॅटिन मिस्सा सर्वत्र प्रचारात होती तेव्हा यांतील बहुतेकांचे आईवडीलही जन्मले नव्हते किंवा पाळण्यात होते. सत्तरच्या दशकात ज्या तरुणांसाठी चर्चमध्ये गिटार आली, त्यांच्या नातवंडांना ती गिटारच जुनाट वाटू लागली, असाही याचा अर्थ लावता येतो. अर्थात देशाच्या लोकसंख्येत हे आकडे नगण्य आहेत. शिवाय रोमनेच २०२१ मध्ये जुन्या मिस्सेवर निर्बंध आणले, त्यामुळे तिच्याकडे वळलेले काही तरुण चर्चवरच रुसले आहेत.

तरुणांचे म्हणणे काय आहे, हे विचारण्याचा एक प्रयत्न व्हॅटिकनने केला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये बिशपांची परिषद खास युवकांच्या प्रश्नावर भरली. त्याआधी मार्चमध्ये सुमारे तीनशे तरुणांना रोमला बोलावून त्यांचे ऐकून घेण्यात आले. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी जे पत्र प्रसिद्ध केले, त्यात एक कबुली आहे: अनेक तरुण चर्चकडे काहीच मागत नाहीत, कारण आपल्या जगण्याशी तिचा संबंध आहे असे त्यांना वाटत नाही, आणि लैंगिक व आर्थिक गैरव्यवहारांमुळे, तसेच त्यांची मते ऐकली जात नसल्यामुळे त्यांच्या या दुराव्याला कारणेही आहेत. संगीत बदलून हा दुरावा जाणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे जेथे दडपली गेली, तेथे प्रश्न विश्वासाचा आहे.

शिकवणुकीत बदल करायचा तर आणखी एक अडचण उभी राहते. तरुण म्हणजे कुठले तरुण? डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा साध्या रीतीने, आशीर्वाद देण्यास मुभा दिली. युरोपातील अनेक तरुणांना हे पाऊल फारच छोटे वाटले. पण महिन्याभरातच आफ्रिकेतील बिशपांनी आपल्याकडे असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत, असे जाहीर केले. आणि कॅथलिकांची संख्या सर्वांत वेगाने वाढते आहे ती आफ्रिकेत, तेथील तरुण समाजात. बर्लिनच्या तरुणाला जे उशिरा आलेले शहाणपण वाटते, ते लागोसच्या तरुणाला परकी सक्ती वाटू शकते.

ओवी, अभंग आणि आरती

मराठी मुलखातील ख्रिस्ती समाजाला हा वाद नवा नाही. येथे तो पिढ्यांपेक्षा संस्कृतीच्या अंगाने आधी आला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासमोर नवख्रिस्ती बसलेले होते आणि त्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. त्या काळच्या गोव्यात इन्क्विझिशनचा धाक होता, हेही विसरता येत नाही. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी ओवी उचलली. १६१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि ते चर्चमध्ये गाऊन वाचले जाई. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेच अभंग आणि कीर्तनातून केले. पाश्चात्त्य पोशाखातला ख्रिस्त मराठी माणसाला परका वाटतो, ही त्यांची खंत होती. शेवटी १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेला दार उघडले, तेव्हा कॅथलिकांतही हे वारे आले. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली. त्यांत जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर ठेवणे, हात जोडून वंदन, आरती यांचा समावेश होता. सर्वांना ते रुचले असे नाही. हे हिंदूकरण आहे, अशी ओरड मुंबईसह अनेक ठिकाणच्या कॅथलिकांनी केली. दलित ख्रिस्ती विचारवंतांची हरकत वेगळी आणि अधिक मूलगामी होती: भारतीयतेच्या नावाखाली जी संस्कृती चर्चमध्ये आणली जाते आहे, ती उच्चवर्णीयांचीच आहे. ज्या देव्हाऱ्यातून आपल्या आजोबांना हाकलले, त्याचीच आरती आता आपण का ओवाळावी, हा त्यांचा सवाल होता. तो आजही अनुत्तरित आहे.

वसईत मात्र मराठी चर्चमध्ये चांगलीच रुजली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मग्रंथ साध्या मराठीत आणणारे ‘सुबोध बायबल’ लिहिले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तरुणांशी त्यांचे नाते मात्र केवळ व्यासपीठावरून जुळले नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वसईची शेती, विहिरी आणि झाडे वाचवण्यासाठी ‘हरित वसई’ची जी चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी हा पांढऱ्या झग्यातला माणूस होता. पाणी आणि जमीन हे पोरासोरांच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न होते. उपासनेचा एकही शब्द न बदलता चर्च त्यांच्या आयुष्याशी जोडले गेले, ते असे.

दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. वसईची मुले आता, इतर मराठी घरांतील मुलांप्रमाणेच, मोठ्या संख्येने इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात कादोडी, शाळेत इंग्रजी आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ, अशा मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना कोणत्या भाषेत शिकवायची? इंग्रजीत शिकवली तर ती त्यांना चटकन कळेल. पण मग शेजारी बसलेली आजी त्या प्रार्थनेत सामील कशी होणार?