खुबा बदललेला कुत्रा आणि घरची फरशी

उज्जैनच्या जुन्या वाड्यांत काय किंवा फ्रीगंजच्या बाजूच्या नव्या घरांत काय, कोटा फरशी हटकून आढळते. उन्हाळ्यात ती पायांना गार लागते, पुसली की चकाकते, आणि घरच्यांना तिचा थोडा अभिमानही असतो. परंतु ज्या घरातील कुत्र्याच्या खुब्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, तेथे या फरशीइतका घातक शत्रू दुसरा नाही.

श्रोतेहो, अल्सेशियन, लॅब्रडॉर अशा थोराड जातींत खुब्याचा सांधा वाढीच्या वयातच सैल होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते. पुढे तो झिजतो आणि जनावराला बसते उठणेही जड होते. अशा वेळी झिजलेला भाग काढून धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी बसवितात. माणसांसाठी ही रीत इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास रूढ केली. कुत्र्यांसाठी ती १९७० नंतरच्या दशकात वापरात आली. आपल्या देशात ती आजही मोजक्याच ठिकाणी होते व खर्चही मोठा येतो. इतके करून आणलेला सांधा घरी निखळला, तर बहुधा पुन्हा भूल आणि पुन्हा शस्त्रक्रिया.

तो निखळतो कसा, हे समजले म्हणजे पथ्य आपोआप समजते. खुबा हा उखळीचा सांधा. निसर्गतः गोळ्याला वाटीशी बांधणारा एक बळकट बंध असतो आणि भोवती तंतुमय पिशवी असते. शस्त्रक्रियेत तो बंध जातो, पिशवी चिरून शिवावी लागते. वाटीचा कोन व गोळ्याचे माप शल्यवैद्याने अचूक साधले, तरी भोवतीचे मांस घट्ट जुळून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत मागचा पाय घसरून बाहेर फाकला, की मांडीचे हाड वाटीच्या कडेवर पहारीसारखे टेकते आणि गोळा उचकटून बाहेर पडतो. क्षणाचे काम!

म्हणून कुत्रा घरी येण्यापूर्वीच एक लहान खोली किंवा कोपरा अडवून घ्यावा. तेथे जाड रबरी चटई अंथरावी. सुटी सतरंजी नको, ती पायाबरोबरच सरकते. नखे व पंजाच्या गाद्यांमधले केस कापून घ्यावेत. बाहेर न्यायचे ते केवळ शौचापुरते, आखूड पट्ट्याने, आणि पोटाखालून टॉवेलाची झोळी धरून. जिना, पलंग, मोटारीतून उडी, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सारे वर्ज्य. दाराची घंटा वाजली की धावणे हा श्वानाचा धर्मच; तेव्हा घंटा काही दिवस बंद ठेवलेली बरी. दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस टाळूनच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.

खाण्याविषयीही सांगितले पाहिजे. कालभैरवाचे वाहन म्हणून या नगरीत कुत्र्याला प्रेमाने खाऊ घालतात. भाव उत्तम; पण कोंडून ठेवलेल्या रुग्णाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने पोळी भरविली, तर वाढलेले वजन त्या नव्या सांध्यावरच पडते.

एकाएकी पाय टेकवेनासा झाला, आखूड दिसू लागला, कुत्रा कळवळला, तर त्याच दिवशी शल्यवैद्याला गाठावे. लवकर गेल्यास सांधा कधी कधी भुलेखाली, न चिरताही बसविता येतो. घरी पाय ओढून पाहू नये, आणि माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याच्या जिवावर बेततात.

सहा ते आठ आठवड्यांनी क्ष-किरण चित्र काढून सांधा जागेवर असल्याचे पाहतात. नंतर पट्ट्याने सपाट रस्त्यावर प्रथम पाचदहा मिनिटे आणि मग हळूहळू वाढवीत फिरवावे. क्षिप्रेच्या घाटाच्या पायऱ्या मात्र वैद्याने सांगेपर्यंत नकोत.