भोंग्याची गर्दी, बाप्पाची गर्दी

अनंत चतुर्दशीला जेल रोडवर जागा धरायची तर संध्याकाळीच सतरंजी अंथरावी लागायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे ‘चित्ररथ’ म्हणायचे, आम्ही इंदूरकर ‘झांकी’. १९२०च्या दशकात हुकुमचंद मिलच्या कामगारांनी ही प्रथा पाडली. मग मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, सगळ्याच मिल चढाओढीला उतरल्या.

जवळून पाहिलं की कळायचं, हे साचे चालवणाऱ्या हातांचं काम आहे. कंसाची तलवार वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. फळीखाली मोटर, चाक आणि पट्टा. चार-पाच सेकंदांचा प्रसंग रात्रभर पहिल्यापासून. कलादालनात पडद्यावर तेच ते दृश्य फिरत असलं की मला हा कंस आठवतो.

व्हिडिओ मांडणशिल्प आपल्याकडे रुजलं ते बरंच नंतर. फाळणी आणि अणुचाचण्यांच्या संदर्भात कलावंत नलिनी मलानींनी १९९८ मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत टीव्ही मांडले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्रेक्षक त्या ट्रंकांमधून फिरले. इंदुरात उलटं, झांकीच माणसांतून वाट काढत राजवाड्याकडे सरकायची.

मिलच्या फाटकावरची आणि झांकीची, एकच माणूस दोन्ही गर्दींत असे. सकाळी भोंगा झाला की फाटकातून आत; तिथे त्याला पाळी, खातं आणि हजेरीचा नंबर. चतुर्दशीच्या रात्री तोच रथावर उभा आणि खालून कुणी ओरडे, ‘अहो, हा आमच्या खात्यातला!’ फार हळवं व्हायला नको. रथावर नाव मिलचंच झळके. मालकांना तेवढी जाहिरात पुरे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. भोंगा गेला, झांकी राहिली. वर्गणी आणि सरकारी मदतीवर कामगारच ती काढत राहिले. कामगारांच्या थकीत देण्यांचे सुमारे २२४ कोटी मार्गी लागायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. लाभार्थी ४,८०० सांगितले गेले, पण तीस वर्षांत कितीजण वाट पाहतच गेले. नाव मात्र दरवर्षी दिव्यांत लागत होतं, बंद कंपनीचं.

आता शहरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत. तिथली पोरं गळ्यातली ओळखपत्रं न काढताच झांकी बघायला येतात, फोन उंच धरतात. मागच्याला झांकी पुढच्याच्या फोनमध्येच दिसते. मध्येच कंसाची तलवार हवेत अडकली. फळीखालून एक सुरकुतलेला हात आला, पट्टा चाकावर सरकवला आणि परत आत गेला.